सात नंबरच्या दारामागची सल्वा

दार उघडलं आणि आत दोन बादल्या, लांब दांड्याचं एक फडकं आणि गुंडाळून ठेवलेले पाइप दिसले. बाकी काही नाही.

वगदी बिशाराने माउस सोडला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. बादल्या दोनच होत्या. स्क्रीनवरच्या सैनिकाला त्याने आत नेलं, चारही भिंतींवर विजेरी फिरवली, बंदुकीचा दस्ता एका बादलीला मारून पाहिला. बादली कलंडली, गडगडत कोपऱ्यात गेली आणि पाइपाला अडून थांबली. ती इतकी खरी गडगडली की वगदीने सवयीने वहीत टिपून घेतलं, 'वस्तूंचं वजन जाणवतं. उत्तम.' गेमचं परीक्षण लिहिण्यात सव्वीस वर्षं घातलेला माणूस होता तो. घर जळत असतं तरी ज्वाळांना गुण देऊन मग बाहेर पडला असता.

सकाळचे नऊ वाजले होते. परीक्षण दुपारी तीनला वेबसाइटवर चढायचं होतं. तेवढ्यात दारातून रान्याने डोकावलं. रान्या संपादक. वयाने त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान, हुद्द्याने वर, पण पहिल्या दिवसापासून त्याला 'उस्ताज' म्हणायची. उस्ताज म्हणजे गुरुजी, आणि ती ते मनापासून म्हणायची.

"उस्ताज, सल्वा भेटली का?"

वगदीने झटकन खेळ थांबवून स्क्रीन काळी केली. "शोधतोय अजून," तो म्हणाला.

आता ही सल्वा कोण, ते सांगायला हवं.

बावीस वर्षांपूर्वी हा गेम कैरोत आला तेव्हा त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणालाही धड उच्चारता येईना. खोक्यावर कड्यांचा ग्रह होता, म्हणून सगळे त्याला 'झुहल' म्हणायला लागले. झुहल म्हणजे शनी. शनीभोवती फिरणारं एक ओसाड अवकाशस्थानक, त्यात एकटा सैनिक, आणि भिंतीतून निघणारे लोखंडी कोळी. मूळ गेम तीन सीड्यांचा. शुब्रातला हमदी सगळ्या वस्तीला गेम पुरवायचा, पण त्याला तो एका सीडीत बसवायचा होता. मग त्याने जे करायचं तेच केलं. मधल्या फिल्मा कापल्या, संवाद कापले, संगीतही कापलं. उरल्या गोळ्या आणि पावलं. कैरोचा झुहल मुका होता. हा सैनिक कोण, इथे कशाला आलाय, कुणाला शोधतोय, याचा कुणाला पत्ता नाही. सातव्या बोळात एक दार होतं, सात नंबरचं. ते काही केल्या उघडायचं नाही.

वगदी तेव्हा तिशीला टेकला होता आणि 'अल-लाइब' नावाच्या मासिकात काम करायचा. झुहल कसा खेळायचा यावर त्याने चार पानं लिहिली. कुठली किल्ली कुठे, कुठल्या कोळ्याला किती गोळ्या, सगळं चोख. पण शेवटच्या पानावर अकरा ओळींची जागा मोकळी राहिली. छापखान्याचा माणूस दारात उभा. संपादक बाहेरून ओरडत होते, "सल्वा, पान सोड आता!" सल्वा ही पानं लावणारी मुलगी, पुढे लग्न करून मन्सुऱ्याला गेली, तिचा या गोष्टीशी एवढाच संबंध. वगदीने पेन उचललं आणि अकरा ओळी लिहिल्या. सैनिकाच्या बायकोचं नाव सल्वा. ती त्या स्थानकावर इंजिनिअर होती. कोळी आले तेव्हा बाकीचे सुटावेत म्हणून तिने स्वतःला सात नंबरच्या दारामागे कोंडून घेतलं. दार फक्त आतून उघडतं. नवरा बाहेर उभा आहे हे तिला कळतं, पण ती उघडत नाही, कारण आपल्यासोबत काय बाहेर पडेल हेही तिला ठाऊक आहे.

नऊ मिनिटं लागली. मग तो घरी गेला आणि पोटभर फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, खाऊन झोपला.

पुढे जे झालं त्याला त्याचा इलाज नव्हता. शुब्रातल्या इंटरनेट कॅफेंमध्ये पोरं सात नंबरच्या दाराशी आली की बंदूक खाली करून एक मिनिट उभी राहायला लागली. तिथून ती रीत अलेक्झांड्रियाला गेली, असवानला गेली. त्या बोळात कुणी गोळी झाडली तर त्याला खुर्चीवरून उठवायचे. मासिकाकडे पत्रं येऊ लागली आणि वगदी प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचा. दर उत्तरात सल्वाला काहीतरी मिळत गेलं. डाव्या मनगटावर तीळ. पेरूची आवड. लिफ्टची भीती. एकाने तर मुलीचं नाव सल्वा ठेवलं आणि बारशाचे पेढे असावेत तशी मिठाई मासिकाच्या कचेरीत आणून वाटली. वगदीने ती खाल्ली. लग्न त्याचं राहून गेलं. कारण काही खास नव्हतं, राहून गेलं इतकंच. सुरुवातीला खरं सांगावं असं त्याला वाटलं नाही, कारण गोष्ट क्षुल्लक होती. नंतर सांगवेना, कारण ती क्षुल्लक राहिली नव्हती.

आणि आता दुसरा भाग आला होता. फिल्मांसकट, संवादांसकट, आणि सगळाच्या सगळा अरबीत.

पंधरा दिवसांपूर्वी त्याचा एक तुकडा फुकट खेळायला दिला होता. त्यात सैनिक सातव्या बोळातून जातो, आणि दारापाशी थांबतच नाही. झालं, लोक खवळले. कुणीतरी शोध लावला की मूळ गेममध्ये सल्वा आहे, पण अरबी भाषांतर करणाऱ्या बाईने ती गाळली. बाईचं नाव हिबा, राहणार तांताची, हे तिचं पहिलं मोठं काम. तिचा फोटो फिरला. 'हिने सल्वाला मारलं' असं खाली लिहिलेलं.

तिने वगदीला मेसेज केला होता. चार दिवस झाले, त्याने उत्तर दिलं नव्हतं. आता त्याने तो पुन्हा उघडला.

'उस्ताज, तुमच्याइतका झुहल कुणाला माहीत नाही म्हणून विचारते. मी दुसऱ्या भागातली ओळन् ओळ केली. पहिल्या भागाच्या मूळ फिल्मा तीनदा पाहिल्या. मला सल्वा कुठेच सापडली नाही. माझंच काहीतरी चुकतंय. नेमकं कुठे बघू, तेवढं सांगाल का? कंपनीने रविवारपर्यंत खुलासा मागितलाय. नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला देतील.'

माझंच काहीतरी चुकतंय. तीनदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी ही पोरगी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या अकरा ओळींवर विश्वास ठेवत होती.

शिवाय गेम चांगला होता, ही आणखी पंचाईत. पहिल्यापेक्षा सरस होता. पाच दिवसांत त्याने वही भरवली होती. बंदुकीचा दणका खांद्याला बसल्यासारखा वाटायचा, अवकाशात बाहेर पडलं की आवाज खरोखर बंद व्हायचे. आणि अरबी तर फारच सुंदर. कोळ्याच्या तोंडी सापडलेला एक म्हातारा शिपाई मरताना चक्क आपल्या दक्षिणेकडच्या सईदी बोलीत कुरकुरतो, तेव्हा वगदी एकटाच खुर्चीत हसला होता. सल्वा नाही म्हणून याला सहा गुण द्यायचे, की नऊ द्यायचे आणि सल्वा का नाही ते सांगायचं? सहा दिले तर लोक त्याला डोक्यावर घेतील. नऊ दिले तर ज्या एका गोष्टीसाठी कैरोत त्याचं नाव होतं, तीच जाईल.

अकरा वाजता तो उठला आणि हमदीकडे गेला.

हमदीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. मागच्या भिंतीवर मात्र एक पिवळा पडलेला कागद अजून चिकटलेला होता, 'सात नंबरसमोर गोळी झाडणाऱ्याला पुन्हा बसायला मिळणार नाही.' हमदीने चहा मागवला. वगदीने दार उघडल्याचं सांगितलं.

"मग? काय होतं आत?"

"बादल्या. दोन."

हमदी पोट धरून हसला. मग वगदीकडे बघून थांबला. वगदीनेही तीच मुकी सीडी खेळली होती आणि सल्वा त्याने मनाने रचली हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि बावीस वर्षं हमदी मूग गिळून बसला होता. एवढंच काय, पोरांसोबत त्या दारापुढे तोही उभा राहायचा.

"यात विचार कसला करायचा?" हमदी म्हणाला. "ठोकून दे, ह्यांनी सल्वाला विसरून गद्दारी केली म्हणून. कंपनी बसेल शिव्या खात. कंपनीला कुठे कातडी असते?"

"कंपनी नाही खात शिव्या. ही खातेय." वगदीने मेसेज त्याच्यापुढे धरला.

हमदीने ओठ हलवत सगळा वाचला. दोनदा वाचला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

"मी फिल्मा कापल्या नसत्या तर..." तो म्हणाला.

"तर मला लिहायला काही उरलं नसतं."

"मग माझंही नाव घाल. सीडी हमदीने कापली म्हणून लिही खुशाल." त्याने जरा विचार केला. "दुकानाचा पत्ता तेवढा नको."

निघताना वगदीची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली. हमदीच्या ते लक्षात आलं.

"तो नाही काढायचा मी. रंग निघतो भिंतीचा," तो म्हणाला.

कचेरीत परत येऊन वगदीने एका बैठकीत परीक्षण लिहिलं. गेमबद्दल जे लिहायचं ते सगळं लिहिलं, दोन ठिकाणी खेळ रेंगाळतो तेही लिहिलं, कारण तो रेंगाळत होता. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं :

'सातव्या बोळातलं दार या भागात उघडतं. आत बादल्या आहेत. पहिल्या भागातही त्याच असणार. सल्वा नावाची कुणी बाई या गेममध्ये कधीच नव्हती. आपल्याकडे आलेली सीडी कापलेली होती, तीत गोष्ट नव्हती, म्हणून ती मी लिहिली आणि खरी म्हणून छापली. नंतर बावीस वर्षं गप्प बसलो. हिबा यांनी काहीही गाळलेलं नाही. जे होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगितलं आहे. दहापैकी नऊ.'

मग त्याने हिबाला मेसेज केला, 'तुमचं काही चुकलं नाही. ती मी लिहिली होती. माफ करा.' आणि रान्याच्या टेबलावर कागद ठेवून समोर उभा राहिला.

तिने वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी आली तेव्हा तिच्या हातातलं पेन खाली ठेवलं गेलं.

"मी बारा वर्षांची असताना तुम्हाला पत्र लिहिलं होतं," ती म्हणाली. "सल्वाला लिफ्टची भीती का वाटते, म्हणून. दोन पानी उत्तर आलं होतं. अजून आहे माझ्याकडे."

"आठवतंय."

"तेही असंच? नऊ मिनिटांत?"

"नाही," वगदी म्हणाला. "त्याला एक शुक्रवार अख्खा गेला होता."

रान्याने कागद बाजूला सारला. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. ती म्हणाली की इथे नोकरी मागायला ती आली ती त्या पत्रामुळे, आणि हे तिला सगळ्या गावासोबत नको होतं कळायला, आधी कळायला हवं होतं. वगदी म्हणाला, खरं आहे. ती म्हणाली, "मी एक शब्द बदलणार नाही. नाव पूर्ण घाला तुमचं." उस्ताज ती या वेळी म्हणाली नाही. वगदीने ते ऐकलं.

तीन वाजता परीक्षण चढलं. सव्वातीनला शिव्या सुरू झाल्या. कुणी त्याला भामटा म्हटलं, कुणी लिहिलं की कंपनीने याला विकत घेतला. मुलीचं नाव सल्वा ठेवणाऱ्या त्या माणसाने काहीच लिहिलं नाही, फक्त वगदीने धाडलेलं परीक्षण वाचल्याची खूण दिसत होती. त्याच्या नावापाशी वगदी बराच वेळ थांबला. हिबाचं उत्तर साडेतीनला आलं. कंपनीला तिने परीक्षण पाठवलं होतं, काम तिच्याकडेच राहत होतं. खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती, 'पेरूचं तरी खरं होतं ना?'

वगदीने फोन पालथा ठेवला आणि गेम सुरू केला.

सातव्या बोळात दार तसंच उघडं होतं, बादली तशीच कलंडलेली. त्याने सैनिकाला आत नेलं, बादली उचलून दुसरीशेजारी सरळ ठेवली. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. नव्या भागात दारं बंदही करता येत होती, आणि ते वहीत टिपायचं राहिलं होतं. मग त्याने बंदूक खाली केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. भिंतीतून कोळी निघाला, मागून आला, सैनिक पडला. वगदीने खेळ पुन्हा मागून सुरू केला, बोळातले कोळी आधी शोधून मारले, बादली पुन्हा सरळ ठेवली, दार लावलं आणि उभा राहिला.

रान्या चहा घेऊन आली होती. स्क्रीन तिला दिसत होती. ती दारातच थांबली, पेले हातात तसेच धरून. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक फेरा पुरा करून आला, तेव्हा ती पुढे झाली आणि एक पेला त्याच्या कोपराशी ठेवला.

"निवतोय, उस्ताज," ती म्हणाली.