न अडखळता

शेषराव गुरुजींनी फळ्यावरचा उतारा पुरा केला आणि हाताचा खडू झटकत भिंतीकडे पाहिलं. पलीकडे चौथीच्या दुसऱ्या तुकडीत पुन्हा हशा पिकला होता.

पल्लवी मॅडम यंदाच बदलून आल्या होत्या. त्यांची पोरं दोन ओळी वाचली की थांबत, भांडत, घरच्या बोलीत एकमेकांना समजावत. याला वाचन म्हणायचं? गुरुजींच्या वर्गाचं वाचन ऐकायला साहेब लोक मुद्दाम येत. आणि काल त्यांच्याच वर्गातल्या राजनंदिनीनं विचारलं होतं, "गुरुजी, मी मॅडमच्या वर्गात बसू का?" तेव्हापासून त्यांना घास गोड लागला नव्हता.

आज त्यांनी दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या.

"होऊन जाऊ द्या, मॅडम. कुणाची पोरं कशी वाचतात, दिसंल तरी."

"वाचू द्या की, गुरुजी," पल्लवी मॅडम हसून म्हणाल्या. ते हसणंही गुरुजींना बोचलं.

राजनंदिनी उठली. फळ्यावरचा हळदीचा उतारा तिनं एका दमात वाचून काढला. टाळ्या पडल्या. गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला.

मग मॅडमच्या वर्गातला सुरज उभा राहिला. "शेतातून हळद काढली. ती उन्हात वाळवली. मग कढईत शिजवली..." तो थांबला.

"अडलं गाडं!" गुरुजींचा आवाज एकदम चढला. "वाच की रे पुढं."

"कसं वाचू, गुरुजी? आमी आधी शिजवतो, मग वाळवतो. अशी उलटी हळद वसमतच्या बाजारात नेली तर अडत्या पोत्यासकट हाकलून दील!"

पोरं हसून लोळली. गुरुजी फळ्याकडे वळले. अक्षर त्यांचंच होतं. दरसाल हळद शिजताना घरच्या कढईपाशी ते स्वतः उभे राहत. लिहिताना कान मात्र भिंतीपलीकडे होते.

ते राजनंदिनीजवळ जाऊन वाकले. हळूच म्हणाले, "तुमच्याकडं बी हळद हाय ना? तुला दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं होतं की."

"मग थांबली काहून न्हाईस?"

तिची नजर पायाच्या अंगठ्यावर गेली.

"थांबलं की तुमी रागावता."

गुरुजींनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.