डावं मागचं चाक

मिस्त्री चहाचा कप घेऊन वर्कशॉपमध्ये आला तेव्हा गाडी जागेवर नव्हती आणि गाडीखाली उतरायच्या खड्ड्यातला दिवा चालू होता.

गाडी नसणार हे त्याला माहीत होतं. पंधरा मिनिटांपूर्वी तो अंघोळीला बसला असताना लेकीनं दाराबाहेरूनच विचारलं होतं, "बाबा, झाली ना गाडी? नेऊ का?" आणि डोक्यावर पाणी ओतता ओतता त्यानं सांगितलं होतं, झाली, सावकाश जा. पण दिवा चालू असायचं काही कारण नव्हतं. चाळीस वर्षांत खड्ड्यातला दिवा चालू ठेवून तो कधी घरात गेला नव्हता. काम संपलं की वर येताना डावा हात आपोआप बटणावर जायचा. दिवा चालू होता म्हणजे काम संपलं नव्हतं.

तो पायऱ्या उतरून खाली गेला. नट पुरेसा आवळला की टिचकी देणारा टॉर्कचा पाना खाली पडला होता, सॉकेट तोंडाला तसंच. शेजारी नव्या नटांचा डबा. डब्यात एक नट शिल्लक होता. चार आणले होते.

कप त्यानं पायरीवर ठेवला की हातातून पडला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

ही गाडी म्हणजे जावयाची हौस. वीस वर्षांपूर्वीची भली मोठी सेडान, चामड्याच्या सीटा, आत लाकडाची पट्टी. नवी असताना ती एखाद्या कारखानदाराकडे असणार. स्प्रिंगऐवजी ती हवेच्या फुग्यांवर उभी राहायची, आणि फुगे म्हातारे झाल्यामुळे रोज सकाळी जमिनीला पोट टेकून बसलेली असायची. मिस्त्रीची बायको जावयाला हसायची. "जावईबापू, तुमची म्हैस आज उठणार का?" असं विचारल्याशिवाय ती त्याला चहा द्यायची नाही.

नवे फुगे मिळेनात. शेवटी जावयानं कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या गाडीचे चार कॉइलओव्हर मिळवले. म्हणजे अंगाभोवती स्प्रिंग घातलेले, धक्के झेलणारे शॉक. त्यांच्या अंगावर आटे असतात, कडी फिरवून गाडी हवी तेवढी वर-खाली करता येते. जुन्या चादरीत गुंडाळून, बाळंतघरातून बाळ आणावं तसे त्यानं ते आणले. वापरलेला माल मिस्त्रीला आवडायचा नाही. आधीच्या मालकानं किती खड्डे खाल्ले हे लोखंड सांगत नाही, असं तो म्हणायचा. पण बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि दोन महिन्यांत त्यानं हातात पाना धरला नव्हता. हे काम लेकीनंच मुद्दाम त्याच्या गळ्यात घातलं होतं, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

त्यानं काम नीट केलं. चारही शॉक रॉकेलनं धुतले, आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, कुठे तेल पाझरलंय का ते पाहिलं. मग बसवले. बसवताना खालचा बोल्ट आवळायचा नसतो. गाडी हवेत लटकलेली असताना आवळला तर आतलं रबर पिळलं जातं आणि महिन्याभरात फाटतं. म्हणून तिथे जुना नट हातानं लावून ठेवायचा, चाकं चढवायची, गाडी जमिनीवर आणायची, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्यायचं, आणि मग खड्ड्यात उतरून जुना नट काढून नवा लावायचा आणि टॉर्कच्या पान्यानं टिचकी वाजेपर्यंत आवळायचा. नव्या नटात नायलॉनची कडी असते. ती एकदाच धरते. जुना नट नुसता तिथे असतो, धरत काही नाही.

बायको होती तोवर अशी चूक होणं शक्यच नव्हतं. गाडी वर्कशॉपमध्ये आली की चावी तिच्याकडे. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी ती चावी द्यायची नाही. मिस्त्रीनं स्वयंपाकघराच्या दारात येऊन चारही चाकांचं काय काय आवळलं ते तोंडानं म्हणून दाखवायचं, पाढे म्हणावे तसं, आणि मगच चावी हलायची. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण म्हणताना तो कुठे अडखळला ते तिला बरोबर कळायचं, आणि मग ती त्याला परत खड्ड्यात पाठवायची. गिऱ्हाइकं हसायची. तोही कधी कधी चिडायचा.

आता चावी खिळ्याला लटकत असायची. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

कालचं त्याला सगळं आठवत होतं, फक्त शेवटचं नाही. गाडी खाली घेतली. खड्ड्यात उतरला. पुढची दोन केली. मागचं उजवं केलं, टिचकी ऐकली. मग वर फोन वाजला. चष्म्याच्या दुकानातून एक मुलगी बोलत होती. बाईंचा चष्मा कधीचा तयार आहे, न्यायला कुणी आलं नाही, असं ती म्हणाली. मिस्त्री बरं म्हणाला. मग तो तिथेच टायरवर बसला. किती वेळ बसला कुणास ठाऊक. उठला तेव्हा घरात गेला, हात धुतले आणि झोपला.

मागचं डावं. आणि नात, गुंडी, नेहमी मागे डाव्या बाजूलाच बसायची, खिडकीतून दरी दिसते म्हणून. शाळेला सुटी होती, आणि लेक तिला घाटापलीकडे सासूकडे सोडायला निघाली होती.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, कुणी मेलं-जगलं तरी नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं, आणि ती पोरगी शिकवलेलं पाळणारी होती. जावई कारखान्यात. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत.

शेजारी टायरवाला होता. दिवसभर हवा भरतो म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणायचे. मिस्त्री टॉर्कचा पाना, पान्यांची पिशवी, छोटा जॅक आणि एक नट घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. हवालदारानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फुगवत असलेली ट्यूब तशीच टाकली आणि टेंपो काढला.

घाट सुरू होईपर्यंत मिस्त्रीनं त्याला सगळं सांगितलं. हवालदार नेहमी बडबड्या, पण तो गप्प राहिला, आणि त्या गप्पपणाची मिस्त्रीला जास्त भीती वाटली. शेवटी हवालदार म्हणाला, "हातानं लावलेला नटसुद्धा पन्नास मैल जातो कधी कधी. मी पाहिलाय."

"आणि कधी कधी?"

"ते नको विचारू."

नट निघाला तर काय होतं ते मिस्त्रीला विचारायची गरज नव्हती. नट गेला की बोल्ट एकेका हादऱ्यानं बाहेर सरकतो. एखाद्या वळणावर तो सुटतो, शॉकचा खालचा पाय निसटतो, दाबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि गाडीचा तो कोपरा खाली बसतो. बाकीची तीन चाकं मग काही करू शकत नाहीत. त्याच्या डोळ्यांसमोर ते इतकं स्पष्ट येत होतं, जणू तो खड्ड्यातून वर बघत होता.

तो रस्ता बघत राहिला. प्रत्येक वळणावर आधी कठडा बघायचा, अख्खा आहे का. मग रस्त्यावर चकाकणारं काही आहे का. एकदा एक गोल लोखंड दिसलं आणि त्यानं हवालदाराचा दंड इतका जोरात धरला की टेंपो वाकडा गेला. बाटलीचं झाकण होतं. पुढे एका ठिकाणी चारपाच माणसं कठड्याला टेकून खाली दरीत बघत होती. मिस्त्रीनं डोळे मिटले. हवालदारानं वेग कमी केला, बाहेर डोकं काढून पाहिलं आणि म्हणाला, "फोटो काढतायत. उघड डोळे."

माथ्याच्या अलीकडे, उताराला लागायच्या तीन वळणं आधी, गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, सरळ उभी. चारही कोपरे सारख्या उंचीवर. लेक गुंडीचं तोंड धूत होती. पोरीला गाडी लागली होती आणि दोघी बराच वेळ तिथेच थांबल्या होत्या.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

मिस्त्री रस्त्यावर पाठीवर झोपला आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत डोकं घातलं. नट होता. शेवटच्या दोन आट्यांवर होता, आणि बोल्ट बोटभर बाहेर आला होता. त्यानं हात लावला तर नट सुट्या दातासारखा हलला.

तो तसाच पडून राहिला. वरून लेक सांगत होती की गेली दहा मिनिटं मागून टकटक येत होती, पण जुनी गाडी, वाजायचीच, परत आल्यावर बाबांना विचारू असं म्हटलं. गुंडीनं उलटी केली नसती तर ती थांबलीही नसती.

बोल्ट आत जाईना. हवालदारानं जॅक लावून चाकाच्या लोखंडी दांड्यावरचा भार हलका केला, तेव्हा बोल्ट जागेवर बसला. मिस्त्रीनं नवा नट लावला, जॅक काढायला सांगितला आणि आवळलं. टिचकी वाजली. त्यानं पुन्हा पाना ओढला. पुन्हा वाजली. मग तो बाहेर आला आणि जुना नट त्यानं लेकीच्या हातावर ठेवला.

"हा नट आवळायचा राहिला होता माझ्याकडून," तो म्हणाला. "निघालाच होता."

तिनं नटाकडे पाहिलं. मग पुढच्या उताराकडे, मग गुंडीकडे. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दारात उभं राहून विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात झाली."

"हो."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा ओरडेल. तिनं तसं काही केलं नाही. ती गुंडीचा हात धरून गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग तिनं विचारलं, का राहिला. त्यानं चष्म्याच्या फोनचं सांगितलं. तिनं मुठीतला नट उलटसुलट फिरवला.

"मला फोन करायचात," ती शेवटी म्हणाली. "मी आणला असता."

हवालदार म्हणाला की सगळ्यांनी टेंपोतून चलावं, गाडी राहू दे इथेच, कोण चोरतंय ही म्हैस. पण टेंपोत पुढे दोघांचीच जागा होती. लेकीनं बापाकडे पाहिलं. "आता नीट आहे का? खरं सांगा."

मिस्त्रीच्या तोंडावर 'आहे' आलं होतं. सकाळीही ते इतक्याच सहज आलं होतं. त्यानं टॉर्कचा पाना हवालदाराकडे दिला. "माझं ऐकू नकोस," तो लेकीला म्हणाला. "याला बघू दे. चारही."

"मी टायरवाला आहे रे," हवालदार म्हणाला. पण तो पोट सांभाळत गाडीखाली गेला. एक टिचकी आली. मग थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. चौथीला वेळ लागला. हवालदार खालून कण्हला, पाना कशावर तरी आपटला, आणि मग टिचकी आली.

लेकीनं गुंडीला मागच्या सीटवर उजवीकडे बसवलं. मिस्त्री न सांगता डावीकडे बसला, बरोबर त्या चाकाच्या वर, आणि पाय खाली घट्ट रोवले, जणू काही झालंच तर तो गाडी पायांनी धरणार होता. हवालदाराचा टेंपो मागून येत होता. लेकीनं गाडी अगदी हळू सोडली. पहिलं वळण डावीकडे होतं, ते गेलं. सीटखाली काही वाजत नव्हतं. तरी तो कान देऊन बसला होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आजोबा," गुंडीनं विचारलं, "तुम्हालाही गाडी लागते?"

"लागते," तो म्हणाला. उजव्या वळणावर सगळा भार डाव्या चाकावर येतो. ते वळण आता समोर दिसत होतं.