तिन्ही लोक आणि एक कॉर्ड

पिस्कॅटवे गावात राजेशदादांच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका पिवळ्या बल्बवर. प्राणेंद्रबाबांनी मंत्र म्हणत लाकडी पेटीवरचं कमळाच्या आकाराचं बटण फिरवलं, पेटीला जोडलेला बल्ब उजळला. "भूलोक," बाबा म्हणाले. पुन्हा फिरवलं, आणखी उजळला. भुवर्लोक. तिसऱ्यांदा स्वर्लोक आला आणि सगळ्यांनी हात जोडले. त्यांत निम्मे इंजिनियर होते, याची मला भयंकर चीड आली.

राजेशदादांच्या आई, शरयूकाकू, इथेच राहत. फुप्फुसं अधू, नाकात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची नळी. संध्याकाळ झाली की मशीन अडखळायचं, अलार्म द्यायचं. बदलून आणलेलं मशीनही तसंच. बाबांच्या पेटीला जोडल्यावर मात्र ते सुरळीत चालू लागलं. आता बाबा म्हणत होते, प्राण पेटीतूनच मिळतोय, तर नळी काढा.

मी वरच्या खोलीत भाड्याने राहते, विद्यापीठात वीजवितरण शिकते. मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. एका लोकातून दुसऱ्या लोकात जाताना पेटीत खट्ट वाजायचं आणि बल्ब क्षणभर विझायचा. देवाला गिअर कशाला लागतात?

राजेशदादांनी नळीकडे हात नेला. काकू घाबरून माझ्याकडे बघू लागल्या.

"थांबा दादा," मी मध्ये उभी राहिले. "आधी मंत्राशिवाय ट्राय करू."

अपवित्र हात लागला तर घराचा नाश होईल, असं बाबांनी बजावलं. मी इडलीच्या पिठाचं प्रमाण म्हणत कमळ फिरवलं. तिन्ही लोक खट्ट खट्ट हजर.

मग काकूंचं मशीन शेजारच्या कपडे धुण्याच्या खोलीतल्या सॉकेटला लावलं. पेटीशिवाय ते बिनतक्रार चालू लागलं. पेटीचा प्लग काढून झाकण उघडलं, तर आत साधा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या तारेच्या वेटोळ्यातून तीन ठिकाणी फाटे काढलेले. यांना टॅप म्हणतात. वरचा टॅप निवडला की बाहेर जास्त व्होल्टेज मिळतं.

मुळात मशीनला व्होल्टेज कमी का पडत होतं? गॅरेजमधून ओढून आणलेली एक लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड. तिच्यावरच मशीन आणि तिच्यावरच संध्याकाळी लागणारा हीटर. एवढा करंट ओढला की व्होल्टेज वाटेतच घटायचं. मी बल्ब थेट कॉर्डला लावून हीटर बंद केला. बल्ब आपसूक उजळला. कॉर्ड मात्र हाताला चटका देत होती. पेटीने दोष झाकला होता, आणि कॉर्डवरचा भार उलट वाढवला होता.

बाबांना एकाएकी दुसरीकडचा सत्संग आठवला.

"यार, हे मी सेकंड इयरला शिकलोय," राजेशदादा पुटपुटले.

"मग माझी नळी का काढायला निघाला होतास रे?" काकूंनी विचारलं.

दादा वाकून कॉर्ड गुंडाळू लागले.

वाचकहो, हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण आधी वायर कुठून येते ते बघून या. आणि माणसाचा श्वास पणाला लावायला सांगणाऱ्याला घरात घेऊ नका.