सरबतही पाणीच
"साल हलक्या हाताने सोल, झाडाला पुढच्या वर्षीही जगायचंय," असं अम्मा सांगायची. झाडाशी मी तसा हात राखला. पाणी ओतताना मात्र तो सैल सुटला.

सुदानातल्या कुर्दुफानात आमची डिंकाची, हशाबची झाडं आहेत. हमदानदादाची मूत्रपिंडं थकली, तेव्हा अल-उबैदच्या इस्पितळातल्या डॉक्टर इखलासबाई म्हणाल्या, "औषधं चालूच ठेवायची. सोबत सकाळी चमचाभर डिंकाची पूड द्या, मदत होते. पाणी मात्र दिवसाला चारच पेले."

डिंक घरचा. रोजा सोडायला करतो तसं मी भोपळ्याचं भांडं भरून सरबत करू लागले. ते औषध, त्याला पाण्यात कोण धरतं? पेल्यांचं पाणी वेगळं, अशी माझी समजूत.

आठव्या दिवशी दादाचे पाय सुजले, धाप लागली.

"वन्सं, माणूस आहे तो, पिठासारखा भिजत घातलात," तय्यावहिनी रडत म्हणाली.

इस्पितळात तीन दिवस गेले. दादा वाचला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "सरबतही पाणीच, बाई. पूड घोटभर पाण्यात कालवा आणि तोही घोट मोजा."

तहान दादाला छळायची. सोमवारी-गुरुवारी माझा रोजा. त्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसे.

"तुझ्यासमोर पाणी मागायची लाज वाटते," तो म्हणाला.

"मग रोजच धरते."

"नको. तुझी हाडं मोजत बसावं लागेल. बाकीचे दिवस तय्याचा धाक पुरतो."

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. "आणखी बिघडलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. अल्लाहचे आभार मानायला मला तेवढं खूप होतं. मी तिथेच भिंतीशी जमिनीवर कपाळ टेकलं.

बाहेर इस्पितळाच्या अंगणात एक बाई सुजलेल्या नवऱ्याला डिंकाचं सरबत पाजत होती, मोठा डबाभर. माझ्याच मायेने. मी तिच्याजवळ बसले, माझी चूक सांगितली. आणखी चौघी जमल्या. उठून परत आत गेले, डॉक्टरबाईंना शब्द दिला, दर गुरुवारी येऊन इथल्या बायांना हे सांगेन.

गुरुवारी पहाटेची नमाज झाली. बायांना माप दाखवायला पूड फडक्यात बांधली.

"रोजा आहे, ऊन आहे, वन्सं," वहिनी म्हणाली.

"दादाचे पेले मोज," म्हटलं आणि लॉरीच्या रस्त्याला लागले.