विमानाच्या मैदानावरची बाही

मी एक बाही आहे. सदऱ्याची नव्हे, पोलक्याचीही नव्हे. माझ्यात कुणाचा हात कधी गेलाच नाही. विमानाच्या मैदानावर उंच खांबाला कापडाची लांब पिशवी बांधलेली असते ना, एका तोंडानं वारा घेते आणि दुसऱ्यानं सोडते, ती मी. वारा कुठून येतो आणि किती जोराचा आहे, हे विमानवाल्याला सांगायचं, एवढंच माझं काम. आमच्याकडे मला सगळे बाहीच म्हणत.

माझा जन्म अकोल्याबाहेरच्या मैदानावर, चौकीदाराच्या खोलीत झाला. हे मैदान लढाईच्या काळातलं. लढाई संपली, गोरे गेले, आणि देवमन चौकीदार तेवढा मागं राहिला. आधीच्या बाहीच्या उन्हानं चिंध्या झाल्या. देवमननं वर कळवलं, वरून काहीच आलं नाही. तेव्हा त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जाताना नेसलेलं होतं ते. देवमन नको नको म्हणाला, पण तोवर कात्री चालली होती.

"पेटीत ठिवून कसर खाईन. वर राहीन त साऱ्याले दिसन," ती म्हणाली.

लाल पट्टे तिच्या जुन्या लुगड्याच्या काठांचे. असं आहे माझं खानदान, उगाच नाही मी तोऱ्यात राहत!

पण खरं सांगू? तोरा दाखवायचा कुणाला? विमान म्हणून एक उतरायचं नाही. देवमन रोज धावपट्टी झाडायचा, बकऱ्या हाकलायचा, माझ्या कडीला तेल घालायचा. शेजारच्या शेतातले नत्थुजी हंगामात पट्टीच्या एका टोकाला खुशाल तूर वाळू घालायचे. गावचे लोक देवमनची थट्टा करायचे, की बापू, आमच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेव. तो हसायचा. पण वरचे साहेब दरवर्षी येऊन तेच म्हणत, इथं विमान येत नाही, मग चौकीदार कशाला पोसायचा? बंद करून टाकू. आणि देवमनची लेक ललिता तर अमरावतीला कॉलेजात शिकत होती, याच पगारावर. तेल घालताना तो माझ्याशीच बोलायचा. एक विमान उतरू दे, मग मैदान कोण बंद करते पायतो, म्हणायचा.

आणि उतरलं की हो!

बासष्ट सालची थंडी होती. सकाळी सगळीकडे धुरकट. मुंबईहून नागपूरला निघालेलं विमान होतं ते. त्याचा रेडिओ म्हणे बिघडला होता, म्हणून कप्तान खाली रेल्वेचा रूळ पाहत पाहत चालला होता. रुळाच्या कडेला मैदान दिसलं, मैदानावर मी फुगलेली दिसले. त्याला वाटलं, आलं नागपूर. झाडून लखलखीत ठेवलेल्या पट्टीवर त्यानं विमान अलगद टेकवलं. नत्थुजींची तूर दुसऱ्या टोकाला होती म्हणून वाचली.

देवमननं घाईघाईत कोटाची बटणं लावली आणि सलाम ठोकून उभा राहिला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. उतारू उतरले. एका टोपीवाल्या गृहस्थांनी सीताबर्डीला टांगा मिळेल का म्हणून विचारलं.

"सीताबर्डी लई दूर राहिली साहेब," देवमन म्हणाला. "हे अकोलं हाय."

कप्तान विमानाच्या शिडीवरच बसला. तरणा माणूस, पण घटकेत म्हातारा दिसायला लागला. मला दया आली त्याची.

आता आलं ते परत जायला तर पाहिजे. पट्टी आखूड. एका अंगाला रेल्वेच्या तारा, दुसऱ्या अंगाला नाला आणि बाभळी. कप्तान म्हणाला, विमान रिकामं केलं आणि नाल्याकडून समोरचा वारा मिळाला तर उडेल, नाहीतर बाभळीत जाईल. उतारू आणि त्यांचं सामान बैलबंड्यांमधून स्टेशनवर गेलं. देवमन आणि नत्थुजींनी खड्ड्यांत मुरूम भरला. आणि मग कप्तान मान वर करून माझ्याकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत मला कामासाठी पाहणारा तो पहिला माणूस! पण वारा पडलेला. मी आपली लोंबत होते, मेल्याहून मेली.

तेवढ्यात खाली वेगळाच कारभार चालला होता. आमच्या वऱ्हाडात पाहुणा पहिल्यांदा दारी आला, तर त्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. विमान रिकामं झालेलं बायांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, बरी जागा झाली. नत्थुजींची बायको कौशल्या पुढं, बाकीच्या मागं. तुरीची पोती, ज्वारीची पोती, गुळाच्या ढेपा, भोपळे, सगळं मागच्या दारानं आत! मी वरून पाहत होते. माझा जीव खालीवर होत होता, पण मला तोंडं दोन असून बोलता कुठं येतं?

कप्तान आत चढायला निघाला, तशी कौशल्या पदर सावरत पुढं आली.

"साहेब, मांगं जराशी शिदोरी ठिवली हाय. पितळी गंज मातर वापस धाडजा."

कप्तान मागं गेला, पाहिलं, आणि दारात येऊन हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पोती उतरवली तशी कौशल्या फुगून बसली. तिच्या समजुतीसाठी त्यानं भाकरी आणि ठेचा भरलेलं ते पितळी पातेलं तेवढं ठेवून घेतलं.

दुपार कलली आणि नाल्याकडून झुळूक आली. मी हलले. मग भरले. मग अशी ताठ झाले की माझी शिवण करकरली. कप्तानानं हात वर केला आणि विमान सोडलं. बाभळीचे शेंडे चाकांना लागले की काय असं वाटलं, पण गेलं ते वरून, सुखरूप. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. देवमन मात्र रडत होता. त्याला वाटलं, आपलं मैदान वाचलं.

आठवड्यानं चौकशीला साहेब आले. विमान इथं उतरलं कसं, हे त्यांना हवं होतं. त्यांनी झाडलेली पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि ठरवून टाकलं, की चालू मैदानासारखं दिसतं म्हणूनच विमान फसलं.

"विमानं येत नसताना ही बाही वर कशाला ठेवली?" त्यांनी विचारलं.

देवमननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "विमान नव्हतं साहेब," तो म्हणाला. "वारा त होता."

साहेब परत गेले आणि हुकूम आला. बाही उतरवा, मैदान बंद म्हणून पट्टीवर चुन्याची मोठी फुली मारा, चौकीदाराची जागा रद्द. ज्या विमानाची त्यानं वाट पाहिली, त्यानंच त्याची भाकरी नेली. फुली देवमननंच मारली. खांबावर चढून मला सोडलंही त्यानंच, आणि खाली येईपर्यंत छातीशी धरून ठेवलं.

आता तो अकोटला कापसाच्या जिनात मजुरी करतो. ललिताची पैशाची ओढाताण होते, पण शिक्षण तिनं सोडलेलं नाही. चतुराबाईनं माझं एक तोंड शिवून टाकलं आणि माझी बियाण्याची पिशवी केली. मी तक्रार करत नाही. बी सांभाळणं हेही मोठंच काम आहे.

फक्त पेरणी आटोपली की ती मला धुऊन अंगणातल्या तारेवर घालते, आणि तिथं वारा येतो. उघड्या तोंडानं आत शिरतो, टोकापर्यंत जातो आणि अडतो. मी फुगते, पण त्याला पुढं जाऊ देता येत नाही. बाबांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर चतुराबाईला माझं एवढंच सांगा. पुढची पेरणी येईपर्यंत, तेवढे टाके उसव म्हणावं.