टाळ्यांच्या पाटीची कबुली

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. लाल काचेवर पांढऱ्या अक्षरांत 'टाळ्या' लिहिलेली, पोटात चार दिवे असलेली, रंगमंचाच्या वर प्रेक्षकांकडे तोंड करून टांगलेली पाटी. आयुष्यभर मी हा एकच शब्द बोलत आले, तोही दुसऱ्याच्या बोटानं. सध्या माझी वीज तोडलेली आहे, तेव्हा जरा स्वतःचं बोलून घेते. घाईघाईत बोलले तर सांभाळून घ्या. उद्या शनिवार आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

मला घडवलं एका पाट्या रंगवणाऱ्यानं. दवाखाने, चपलांची दुकानं, शिकवण्या, असल्या पाट्या करण्यात त्याची हयात गेलेली. माझा शब्द ऐकून तो म्हणाला, "टाळ्या मागून घ्यायच्या? मग कार्यक्रम कशाला करता?" मला न्यायला आलेला माणूस ओशाळला. रंगाऱ्यानं मात्र मन लावून काम केलं. 'ळ' इतका ऐसपैस काढला की शेजारच्या 'टा'ला अंग चोरून बसावं लागलं. आजही बसतोय बिचारा.

मी आले ती एका विनोदी कार्यक्रमात. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला पाच-सहा छोटे प्रवेश व्हायचे, तेही थेट. समोर दोनशे खुर्च्या, आणि घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्यांची तर गणतीच नाही. चुकलं तर चुकलं, पुसून पुन्हा करायची सोय नाही. त्यामुळे सव्वापाच वाजले की नटांच्या पाचावर धारण बसायची, आणि त्यांना बघून माझे दिवे आतल्या आत गरम व्हायचे.

माझं बटण होतं ताईच्या हाती. ताई आधी कपडेपटात शिवणकाम करायची. सुईत दोरा ओवता ओवता ती तालमीत नेमक्या जागी हसते, हे जुन्या दिग्दर्शकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला उचलून माझ्याखालच्या स्टुलावर बसवलं. त्यांचा नियम एकच होता: आधी माणूस, मग बत्ती. हॉलमधला माणूस लाजरा असतो, शेजारी हसल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून कुठंतरी दोघंतिघं आपणहून हसले की मगच ताईनं बटण दाबायचं. म्हणजे बाकीच्यांनाही कळतं, की चला, हसायला हरकत नाही. मी हुकूम देत नव्हते, नुसती मान डोलवत होते.

प्रवेश लिहायचा ताईचा धाकटा भाऊ. कानामागे कायम पेन्सिल, म्हणून सगळे त्याला पेन्सिलच म्हणत. आईमागे ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो बाजूच्या पडद्याआड उभा राहून ऐकायचा. जिथं हसू यायला हवं होतं आणि आलं नाही, तिथं कागदावर फुली मारायचा. दुसऱ्या दिवशी त्या फुल्या घेऊन बसायचा तो जेवायचं विसरून. पुढच्या आठवड्यात तसली चूक पुन्हा सापडायची नाही.

लोकांची पत्रं यायची. सोमवारच्या तालमीला तो ती रंगमंचावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा, शिव्यांची तर खास आवाज काढून. एका बाईनं लिहिलं होतं, 'तुमचा न्हाव्याचा प्रवेश बघताना माझा नवरा ताटावरून उठला आणि त्यानं शेजाऱ्यांना बोलावून आणलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, तो कशासाठीही उठत नाही.' निवृत्त झालेले एक मास्तर दर आठवड्याला पोस्टकार्डावर गुण द्यायचे. दहापैकी सात. दहापैकी आठ, मात्र डॉक्टर झालेल्या नटाचे उच्चार सुधारावेत. पेन्सिल त्या मास्तरांना इतका घाबरायचा, की लिहिताना मध्येच थांबून म्हणायचा, "हे मास्तरांना नाही चालायचं."

इतकं सगळं छान चाललं होतं, मग बिघडलं कुठं? सांगते. कबुलीच द्यायला बसलेय.

एका शनिवारी पेन्सिलचा नवा प्रवेश होता: दोन भाऊ एक कपाट जिन्यावरून वर नेतात आणि मध्येच अडकतात. तो आठवडाभर तापानं फणफणला होता, तशातच त्यानं तो लिहिलेला. कपाट अडकलं आणि प्रवेशही अडकला. हॉलमध्ये चिटपाखरू हसेना. पडद्याआड पेन्सिलचा चेहरा पडला, लहानपणी खेळात कुणी घेतलं नाही की पडायचा तसाच, असं नंतर ताई म्हणाली. तिला ते बघवलं नाही. माणूस हसला नव्हता, तरी तिनं बटण दाबलं. मी लागले. आणि दोनशे माणसांनी, पाहुण्यांच्या घरी आग्रह मोडू नये तशा, मुकाट्यानं टाळ्या वाजवल्या.

प्रवेश संपल्यावर पेन्सिल धावत आला. "ताई, ऐकलंस? मला वाटलं होतं पडला म्हणून!"

"छान झाला रे," ताई म्हणाली.

त्यानं कागदावरची फुली खोडली. मी वरून बघत होते. मला वाटलं, एकदाच तर. ताईलाही तसंच वाटलं असणार.

पण एकदा पदरात घातलं की पुन्हा घालावं लागतं. पुढच्या वेळी ताई अर्धं वाक्य आधी बटण दाबायला लागली, मग अख्खं वाक्य आधी. जुने दिग्दर्शक घरी बसले, नवे साहेब आले. त्यांना आवाज हवा होता. तो कुठून येतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पेन्सिलला आता फुल्या मारायची वेळच येईना. मग तो दुसऱ्यांदा लिहीना. मग पहिल्यांदा लिहिलेलंही वाचून बघेना. मुख्य नट ढोल्या, कधीकाळी नुसत्या भुवईनं हॉल डोक्यावर घ्यायचा, तो दर प्रवेशात पँट घसरवू लागला. विनोद झाला की माझ्याकडे बघून थांबायचा. मी लागायचे. तो पुढं जायचा.

हॉलमधल्यांना मी फसवलं, पण घरी टीव्हीपुढं बसलेल्यांना माझा उजेड दिसत नाही ना! पत्रं बदलली. 'पँट घसरायला हरकत नाही, पण तिला काही कारण तरी द्या.' 'आमच्याकडे आता तुमच्या कार्यक्रमाच्या वेळी भाजी निवडतात.' एकानं तर वर्मावर बोट ठेवलं: 'पूर्वी आम्ही हसायचो म्हणून तुम्ही थांबायचात. आता तुम्ही थांबता म्हणून कुणीतरी हसतं. ते लोक कोण आहेत?'

ते वाचून माझ्या चारही दिव्यांना कापरं भरलं. पेन्सिलच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "लिहायला काय लागतं यांना? हॉलमध्ये येऊन बघा म्हणावं, छप्पर उडतं! हो की नाही गं, ताई?"

ताई स्टुलावरची धूळ पुसत राहिली. तीन वर्षं ती ती धूळ पुसत होती.

मास्तरांचे गुण पाचावर आले, तिनावर आले, आणि एका सोमवारी पोस्टकार्ड आलंच नाही. पुढच्याही सोमवारी नाही. पेन्सिल म्हणाला, "सुटलो बुवा!" ताईनं मात्र पत्रांचा गठ्ठा पुन्हा एकदा चाळून बघितला. गुण कमी देणारा माणूस निदान पेपर तपासत असतो.

गेल्या शनिवारी मास्तर स्वतःच आले. पाच वाजता, हॉल भरायच्या आधी, काठी टेकत सरळ ताईच्या स्टुलापाशी.

"बाई, या पाटीचं बटण तुमच्याकडे असतं ना?"

"हो. का हो?"

"काही नाही. मी पत्र बंद केलं ते रागानं नव्हे, एवढं लेखकाला सांगा. चांगला मुलगा आहे तो. पण ज्याला ऐकूच येत नाही, त्याला किती हाका मारायच्या?"

ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. ताईचा हात बटणावर होता. पेन्सिलला बहिरं कुणी केलं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

प्रवेश सुरू झाला. ढोल्या एका दुमजली इमारतीचा लिफ्टवाला झाला होता. पहिलं विनोदी वाक्य बोलून तो सवयीनं माझ्याकडे बघून थांबला. मी लागले नाही. तो आणखी थांबला. हॉलमध्ये खुर्ची करकरली. दुसरं वाक्य झालं, मी अंधारातच. ढोल्याला घाम फुटला, तेव्हा त्यानं पँट घसरवली. एकही माणूस हसला नाही. हे सगळं थेट चाललेलं, घराघरांत. खरं सांगते, लागण्यासाठी मी तळमळत होते. सवय वाईट असते, आणि लाज त्याहून वाईट. नवे साहेब कानाला हेडफोन लावून वाकून वाकून ओरडत होते, "बत्ती! अहो, बत्ती!" शेवटी ते स्वतःच बटणाकडे धावले, तर ताईनं दोन्ही तळवे त्यावर पालथे घातले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की ते जागच्या जागी थिजले.

पेन्सिल पडद्याआडून माझ्याकडे बघत होता. प्रेक्षकांकडे नाही, माझ्याकडे. ते मला फार लागलं.

हॉल रिकामा झाल्यावर तो शिडी घेऊन आला. "दिवा गेला का गं, ताई? मी बदलतो."

"दिवा चांगला आहे."

"मग वायर?"

"वायरही चांगली आहे. मी दाबलं नाही."

तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता, तिथंच बसला. मग विचारलं, "आणि आधी? आधी ते हसायचे तेव्हा दाबायचीस ना?"

ताईनं मान हलवली. नाही.

"केव्हापासून?"

"तीन वर्षं झाली."

"सगळ्या जगानं मला फसवलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं," तो म्हणाला. "तू, ताई? तू?"

"तुझं पडलेलं तोंड मला बघवेना रे."

"मग डोळे मिटायचे होतेस!" असं म्हणून तो उठला. जाता जाता त्यानं कपडेपटातली मोठी कात्री आणली, खालून माझ्या वायरीचा प्लग काढला आणि वायर कचकन कापली. ताईशी तो पुढं सहा दिवस बोलला नाही.

साहेबांनी ताईला घरी बसवायचं ठरवलं होतं. पण सोमवारी पत्रांचा ढीग आला, इतका की बऱ्याच वर्षांत आला नव्हता. 'शनिवारी तुमच्या हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आमच्या घरातही नाही. बऱ्याच दिवसांनी आपलं मत जुळलं.' अशी कितीतरी. मास्तरांचं पोस्टकार्डही होतं: दहापैकी दोन. ताईनं ते दोन गुण तिजोरीत ठेवावेत तसे ब्लाउजमध्ये खोचले. वरच्या लोकांनी सांगितलं, आणखी तीन शनिवार बघू, नाहीतर कार्यक्रम बंद. त्या तिनांतला पहिला शनिवार उद्या आहे.

आज दुपारची गोष्ट. तालमीआधी पेन्सिल हॉलमध्ये आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. ताई सवयीनं स्टुलावर बसली होती, हातात काही काम नाही. तो म्हणाला, "तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये. फक्त इथं येऊन बस." आणि तिला तिसऱ्या रांगेत बसवून स्वतः रंगमंचावर चढला. नवा प्रवेश त्यानं एकट्यानंच सगळ्यांचे आवाज काढून वाचला. एक बाई चष्म्याच्या दुकानात आपला हरवलेला चष्मा शोधते आणि तो न सापडल्यामुळे दुकानदारालाच नवरा समजून झापते.

मी ताईचा चेहरा बघत होते. ओठ हलले नाहीत. पुन्हा हलले नाहीत. पेन्सिल थांबला.

"हसू नाही आलं?"

मी म्हटलं, आता ही म्हणणार, छान आहे रे. तीस वर्षांची माया अशी एका आठवड्यात सुटते होय? ताईनं पदर तोंडाशी नेला, खाली घेतला.

"नाही आलं."

"कुठं गेलं?"

"ती दुकानात शिरली तिथंच. ती बाई चिडलेली आहे, पण तिला भीती कसली वाटते तेच कळत नाही."

पेन्सिलनं कानामागची पेन्सिल काढली. रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला आणि लिहायला लागला. ताई उठून जायला निघाली, तर मान वर न करता म्हणाला, "बस ना. परत वाचणार आहे."

ते दोघं अजून खाली तसेच बसलेत. तीनदा वाचून झालंय. दुसऱ्यांदा ताई एकदा हसली, ते मी कान टवकारून ऐकलं. तिसऱ्यांदा नाही हसली. आता चौथ्यांदा चाललंय. बाहेर कुणी ढोल्याला फोन करतंय, की लवकर ये. उद्याचं काय होईल मला माहीत नाही. वायर नाही, दिवे गार, उद्या साडेपाचला मी तुमच्यासमोर नुसती लाल काच म्हणून लटकलेली असेन. साहेब कदाचित मला उतरवतीलही. उतरवू देत.

तुम्ही उद्या हॉलमध्ये येणार असाल तर एवढं करा. माझ्याकडे बघू नका. शेजाऱ्याकडेही बघू नका. आतून आलं तर हसा, आणि त्या पोराची दया येऊन हसू नका, त्यानं फार नुकसान होतं, मी बघितलंय. नाहीच आलं हसू, तर गप्प बसा. पण उठून जाऊ नका. पडद्याआड एक माणूस उभा आहे आणि आता त्याला ऐकू येतं.