आईच्या पाइनखालचे अळंबे

स्वीडनच्या स्मोलंड भागातल्या आमच्या घराच्या दक्षिणेला, निजण्याच्या खोलीवर किंचित झुकलेला पाइन ठेवावा की पाडावा, याचा निर्णय एका वाळक्या अळंब्यावर येऊन ठेपला होता. बुंध्याशी उगवलेले ते अळंबे जून झाले होते; तपकिरी, केसाळ, शेणाच्या पोवासारखे. त्याची खालची बाजू किड्यांनी खाल्ल्यामुळे तिथे छिद्रे होती की काटे, हे कळेना. आणि साठी उलटलेल्या आम्हां भावंडांचा सारा वाद तेवढ्याचाच होता.

"काटेच असणार," मी म्हणालो. "काट्यांचं अळंबं मुळांशी सख्य ठेवतं. झाडाला काही होत नाही."

"आणि छिद्रांचं खोड आतून पोखरतं," गुनवोरताई म्हणाली. "तुला लहानपणच्या झोक्याची फांदी वाचवायचीय, सिक्स्टन. नाव आधी ठरवलंस, पुरावे मागाहून शोधतोयस."

"आणि पुराव्याशिवाय झाड पाडायचं, हे तुझं शहाणपण?"

"पुरावा चुलीवर चढवू. आईचं रंगाचं पातेलं आण."

आई अळंब्यांनी लोकर रंगवीत असे. काट्यांचे अळंबे निळसर रंग देते, छिद्रांचे पिवळा. हे आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकलो होतो. पातेले उकळू लागताच ओल्या मातीचा नि मेंढरांचा तो जुना वास स्वयंपाकघरात भरला, आणि काही वेळ आम्ही दोघेही भांडायचे विसरलो. तुरटीत भिजवलेली लोकरीची लट ताईने आत सोडली.

ती बाहेर निघाली सोनेरी पिवळी.

ताईने पेटीतून माझे लहानपणचे हातमोजे आणून लटीशेजारी ठेवले. तोच रंग.

"निळ्यासाठी आई दिवसभर रानात हिंडायची," ती म्हणाली. "पिवळ्यासाठी टोपलीसुद्धा घ्यायची नाही. इथे या पाइनखाली वाकली की परत घरात."

तेव्हा मला वादळाचे दिवस आठवले. वारा सुटला की आई आमच्या गाद्या निजण्याच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरात अंथरत असे आणि दालचिनीचे गोड बनपाव भाजत असे. आम्ही वादळाची सणासारखी वाट पाहत असू.

"पाइन आतून पोखरलाय, हे तिला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"आणि तरी पाडला नाही. तुझ्याच झोक्यापायी. आता करवतवाल्याला फोन कर."

मी केला. त्याला सोमवारपर्यंत सवड नव्हती, आणि दुपारपासून वारा वाढत चालला होता. ताई गाद्या उचलायला गेली. मी दालचिनीच्या बनपावांसाठी पीठ मळायला घेतले.